रिकिबींतील पाय

बीडहून मांजरसुंब्याच्या वाटेनें निघालें म्हणजे थोड्याच अंतरावर पाली हें गांव लागतें. बालाघाटाच्या उतारावरून खालीं येणारी बिंदुसरा नदी येथें बांध घालून अडविलेली आहे. पाऊसकाळ बरा झाला कीं तलावाचा सांडवा वाहूं लागतो, आणि तो पाहावयास बीडकरांची रीघ लागते. गेल्या भाद्रपदांत महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थ्यांसमवेत आम्हीहि त्या गर्दींत होतों. आमचा हेतु मात्र तलाव पाहण्याचा नव्हता. परततांना वाटेवरची खजाना विहीर मुलांना दाखवावी व निजामशाहींतील पाण्याच्या व्यवस्थेविषयीं चार शब्द सांगावे, एवढाच बेत होता. इतिहासाच्या प्राध्यापकाची सहल याहून रंगतदार होत नाहीं, हें वाचक जाणतातच.

बांधावर बसून भाकरी सोडली असतां पालीचाच एक विद्यार्थी आम्हांस म्हणाला, "सर, मोबाइलवर गाणें उतरवून घेतात, तशी एखादी विद्या सरळ मेंदूंत उतरवून घेतां येईल काय? इंग्रजी म्हणा, गणित म्हणा, मोटार चालविणें म्हणा. रात्रीं निजावें आणि सकाळीं येऊं लागावें." इतर मुलें हंसलीं. आम्हींहि, प्राध्यापकाला शोभेल असें, अभ्यासाला पर्याय नाहीं वगैरे एक वाक्य फेंकलें. तो हंसला नाहीं. त्याचे आईबाप दसरा झाला कीं साखर कारखान्याच्या टोळीबरोबर ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रांत जातात. लहानपणीं तोहि अनेकदां त्यांच्याबरोबर गेलेला, आणि प्रत्येक वेळीं शाळेचें निम्में वर्ष मागें टाकून आलेला. "आळसासाठीं विचारीत नाहीं, सर," तो म्हणाला, "गेलेले महिने कोठून आणावे म्हणून विचारतों." आमचें वाक्य आम्हांलाच बोंचलें. या प्रश्नाला सुभाषितानें उत्तर देणें योग्य नव्हतें. त्या दिवशीं जें द्यावयाचें राहून गेलें तें येथें देण्याचा प्रयत्न करतों.

प्रश्न दिसतो तितका नवा नाहीं. १९९९ सालीं निघालेल्या 'द मेट्रिक्स' या अमेरिकन चित्रपटांत नायकाच्या मानेंत तार खुपसून त्याला मल्लविद्या क्षणांत शिकविलेली दाखविली आहे, आणि तेव्हांपासून ही कल्पना पुष्कळ तरुणांच्या तोंडीं झाली. परंतु श्रमावांचून व काळावांचून विद्या हातीं यावी ही इच्छा फार जुनी; आणि तिची मराठींतील सर्वांत प्रसिद्ध कथा याच बीड जिल्ह्याच्या नांवावर आहे.

निजामी अमदानींत जिला मोमिनाबाद म्हणत त्या अंबेजोगाईस मुकुंदराजांची समाधि आहे. मराठीचे आद्य ग्रंथकार म्हणून परंपरेनें ज्यांचा मान ठेविला ते हे मुकुंदराज. कथा अशी, कीं जैत्रपाळ नांवाच्या राजाला ब्रह्मसाक्षात्काराची हौस उत्पन्न झाली. परंतु हौस राजाची, त्यामुळें तिला सवड नव्हती. घोड्याच्या रिकिबींत एक पाय ठेवून दुसरा पलीकडे टाकीपर्यंत जेवढा वेळ लागेल तेवढ्यांत ब्रह्म दाखवा, असा त्याचा हट्ट. साधुसंन्यासी येत, जमत नाहीं म्हणत, आणि बंदिशाळेंत जात. अखेर मुकुंदराज आले. राजानें रिकिबींत पाय ठेविला, त्यांनीं त्याला स्पर्श केला, आणि राजा होता तसाच समाधींत गेला. बंदिवान सुटले.

लहानपणीं ही कथा ऐकली तेव्हां आम्हांस गुरुसामर्थ्याचें कौतुक वाटलें. पुढें इतिहासाचा नाद लागल्यावर राजाचें नांवगांव शोधण्याची खोड जडली. जैत्रपाळ म्हणजे देवगिरीच्या यादवांपैकीं जैतुगी, असें पुष्कळांनीं म्हटलें. अडचण अशी कीं, मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधु' ग्रंथाचा परंपरागत काल शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ हा होय, आणि त्या वर्षीं यादवांचा राजा जैतुगी नसून त्याचा बाप भिल्लम होता. शिवाय ग्रंथाच्या अखेरीस ज्या जैत्रपाळानें तो करविल्याचें म्हटलें आहे, तो नृसिंहाचा नातू व बल्लाळाचा पुत्र आहे, भिल्लमाचा नव्हे. म्हणून कोणी त्याला बेतूलजवळच्या खेडल्याचा राजा ठरवितात, आणि विदर्भांतील अभ्यासक तर मुकुंदराजांचें स्थानहि अंबेजोगाईहून उचलून वैनगंगेच्या कांठीं आंभोऱ्यास नेतात. शकाची ओवी तरी मूळची कीं मागाहून घातलेली, याविषयींहि शंका घेतली गेली आहे. बीडचा रहिवासी या नात्यानें आमचा कल कोणीकडे असेल हें सांगावयास नको. परंतु ममत्व हा पुरावा नव्हे, म्हणून तो वाद येथेंच सोडतों.

आमचें लक्ष वेधून घेते ती निराळीच गोष्ट. स्पर्शानें काम झालें होतें, तर ग्रंथ कशाला? विवेकसिंधु हें कांहीं चार ओळींचें प्रशस्तिपत्र नव्हे. पूर्वार्धाचीं ७ व उत्तरार्धाचीं ११ मिळून १८ प्रकरणें आणि १,६०० हून अधिक ओव्या एवढा त्याचा विस्तार. आणि तो सर्व विषय पायरीपायरीनें समजावून देण्यांत खर्चिला आहे. रिकिबीच्या एका क्षणांत ज्याला सर्व कांहीं मिळालें, त्याच्याच नांवावर हा एवढा खटाटोप परंपरेनें ठेवावा, यांत परंपरेचें एक शहाणपण आहे असें आम्हांस वाटतें.

तें नीट कळावयास वेदान्ताचा एक मुद्दा ध्यानांत घेतला पाहिजे. शांकरमतें ब्रह्मज्ञान ही उत्पन्न करावयाची वस्तु नव्हे. अज्ञान गेलें म्हणजे जें होतेंच तें दिसतें. अंधारांत दोरीला साप समजून एकजण थरथर कांपत आहे, दुसऱ्यानें दिवा आणला, भय गेलें. यांत सराव कसला करावयाचा? श्रवण, मनन, निदिध्यासन हीं साधनें तेथेंहि सांगितलीं आहेत, तरी क्षणांत साक्षात्कार ही कल्पना त्या शास्त्राला परकी नाहीं. परंतु ही मुभा धनुर्विद्येला किंवा वीणावादनाला कोणी दिलेली नाहीं. तेथें झांकलेलें उघडावयाचें नसतें. जें नाहीं तें घडवावयाचें असतें. आणि गंमत अशी कीं, याचा पुरावा कथेंतच उभा आहे. राजानें वेळ मोजण्यासाठीं माप कोणतें घेतलें? घोड्यावर टांग टाकण्याचें. जें त्याला डोळ्याचें पातें लवावें इतकें सहज वाटत होतें, तें त्याच्या अंगीं आलें कसें असेल? लहानपणीं मोतद्दारानें धरून बसविलें असेल, तो पडला असेल, गुडघे सोलवटले असतील, एखाद्या खोडकर तट्टानें त्याला चिखलांत लोळविलेंहि असेल. वर्षांनीं तें अंगवळणीं पडलें; आणि मग त्याला वेळ लागला होता हेंच तो विसरला. स्वतःच्या ज्या कौशल्यावर त्याचीं वर्षें गेलीं, त्याचीच त्यानें आपल्या उतावळेपणाची घटका केली.

ग्रीकांनाहि हा मोह ठाऊक होता. प्लेटोच्या 'सिंपोझियम' या संवादांत सॉक्रेटिस मेजवानीस उशिरां येतो. शेजारच्या ओसरींत उभा राहून तो कांहीं विचारांत गढला होता. यजमान अगाथॉन त्याला म्हणतो, माझ्याजवळ बैस, म्हणजे तुझ्या स्पर्शानें त्या विचाराचा लाभ मलाहि होईल. भरलेल्या पेल्यांतील पाणी लोंकरीच्या धाग्यावरून रिकाम्या पेल्यांत जातें, तसें शहाणपण जात असतें तर किती बरें झालें असतें, असें सॉक्रेटिस हंसून उत्तर देतो. इकडे बालाघाटांत आणि तिकडे अथेन्सांत तोच स्पर्श आणि तीच घाई!

स्पर्शानें विद्या दिल्याची आणखी एक कथा आमच्या शेजारची आहे. पैठणास ज्ञानेश्वरांनीं रेड्याच्या मस्तकीं हात ठेवून त्याच्या मुखें वेद वदविले, हें महाराष्ट्रांत कोणाला ठाऊक नाहीं? त्या रेड्याची समाधि पुणें जिल्ह्यांत आळे येथें दाखवितात. ही कथा ज्या समाजानें जपली, त्याला वेदपठण म्हणजे काय याची पुरी कल्पना होती. घनपाठांत पहिलें पद व दुसरें, मग दुसरें व पहिलें, मग पहिलें-दुसरें-तिसरें, उलट तिसरें-दुसरें-पहिलें, पुनः पहिलें-दुसरें-तिसरें. हें झालें कीं दुसऱ्या पदापासून तोच फेरा. आठव्या वर्षीं बसलेला मुलगा मिसरूड फुटेपर्यंत हेंच करीत असतो. चमत्कारासाठीं हीच विद्या निवडली गेली याचें कारण उघड आहे. जें सर्वांत महाग तें फुकट मिळालेलें दाखविलें, तरच ऐकणारा तोंडांत बोट घालतो. त्या रेड्यानें पुढें शिष्य घेतले असें मात्र कोणीं लिहिलेलें नाहीं.

अशा पाठांतराचा मेंदूशीं काय संबंध आहे हें पाहण्याचा प्रयत्न अलीकडे झाला. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रांत २१ वेदपाठी पंडितांच्या मेंदूंचीं चित्रें तितक्याच इतर माणसांच्या चित्रांशीं ताडून पाहिलीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पंडितांच्या मेंदूचे भाषा व स्मृति यांच्याशीं संबद्ध असे कित्येक भाग अधिक दाट व जाड आढळले. पठणानें मेंदू तसा झाला, कीं तसा मेंदू असलेलेच पठणांत टिकले, हें एका मोजणीनें ठरत नाहीं. तरी विद्या ही मेंदूंत आणून ठेवलेली वस्तु नसून मेंदूच बदलून ती झालेली असते, या समजुतीला त्यानें बळकटी येते. गाणें उतरवून घेतलें तरी मोबाइल पूर्वींचाच राहतो. घनपाठी झालेला मुलगा पूर्वींचा राहत नाहीं.

प्रयोगशाळांनीं हा प्रश्न थट्टेवारी नेलेला नाहीं. १९६२ सालीं मिशिगन विद्यापीठाच्या जेम्स मॅकॉनेल यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, उजेड पडतांच अंग आंखडावयास शिकविलेले प्लॅनेरिया जातीचे चपटे किडे कापून अशिक्षित किड्यांना चारले, तर खाणारे तोच धडा लवकर शिकतात. गुरूला खाऊन विद्या मिळविण्याची ही सोय प्राध्यापकवर्गाला कितपत रुचली असेल याची कल्पना वाचकांनीं करावी. पुढें इतरांना तो परिणाम भरंवशानें मिळेना, व ती गोष्ट मागें पडली. जॉर्ज अंगार यांनीं अंधाराला भ्यावयास शिकविलेल्या उंदरांच्या मेंदूंतून एक द्रव्य काढलें व तें टोंचल्यानें दुसऱ्या उंदरांतहि तें भय उतरतें, असें १९७२ सालीं मांडलें. तेंहि टिकलें नाहीं. २०१८ सालीं कॅलिफोर्नियांत डेव्हिड ग्लान्झमन यांच्या प्रयोगशाळेंत विजेचे धक्के दिलेल्या समुद्री गोगलगाईंतून आरएनए नांवाचें द्रव्य काढून तें धक्के न खाल्लेल्या गोगलगाईंत टोंचलें. त्याहि स्पर्श होतांच अधिक वेळ अंग आंखडून राहूं लागल्या. त्याचा अर्थ काय लावावा याविषयीं वाद आहे. या तिन्ही प्रयोगांतील एक साम्य आमच्या नजरेस आलें. किडा दचकला, उंदीर भ्याला, गोगलगाय आंखडली. दुसऱ्याच्या अंगांत उतरवूं पाहिलें तें प्रत्येक वेळीं भयच होतें. भय देणें जगांत नेहमींच सोपें होतें. त्याला प्रयोगशाळाहि लागत नाहीं.

कौशल्याची जात निराळी. १९५३ सालीं अपस्मारावरील उपचार म्हणून हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थाच्या मेंदूचा कांहीं भाग काढला, आणि त्यानंतर नवी आठवण त्याच्या मनांत ठरेनाशी झाली. ब्रेंडा मिल्नर यांनीं त्याला आरशांत पाहून चांदणीची आकृति रेखावयास दिली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला. परंतु हें काम आपण पूर्वीं केलें होतें याची त्याला आठवणच नसे. मनाला पत्ता नाहीं आणि हात शिकला! मराठी भाषेनें हा भेद केव्हांच ओळखला आहे. पोहण्याविषयीं आपल्याला 'माहिती असते'. पोहणें आपल्याला 'येतें'. माहिती दुसऱ्याकडून घेतां येते. जें यावयाचें तें आपल्या पायांनीं, आपल्या वेळीं येतें.

२०११ सालीं बोस्टन व क्योतो येथील संशोधकांनीं माणसांच्या मेंदूंतील हालचाल यंत्रानें पाहत, ती ठराविक घाटाची झाली कीं त्यांना शाबासकीची खूण दाखवीत, डोळ्यांपुढें न आणलेल्या रेषांची दिशा ओळखण्यांत त्यांना तरबेज केलें. विद्या उतरविण्याचा मार्ग सांपडला म्हणून तेव्हां बराच गवगवा झाला. त्या लोकांना त्या यंत्रांत अनेक दिवस पुनःपुन्हां पडून राहावें लागलें होतें, हें मात्र मथळ्यांत मावण्यासारखें नव्हतें. याहून बोलका प्रयोग २०१९ सालचा, टेक्सासचा. झेब्रा फिंच नांवाच्या चिमुकल्या पक्ष्याचें पिल्लूं बापाचें गाणें ऐकून शिकतें. टॉड रॉबर्ट्स व त्यांचे सहकारी यांनीं, ज्यांना असा गुरु मिळालाच नव्हता अशा पिल्लांच्या मेंदूंतील ठराविक पेशी प्रकाशाच्या झोतानें कधीं थोडा, कधीं अधिक वेळ चेतविल्या. आणि पुढें त्या पक्ष्यांच्या गाण्यांतील स्वरखंड त्या मापानें आंखूड किंवा लांब झाले. न ऐकलेल्या गाण्याची आठवण घातली गेली, असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु उतरलें तें केवळ कालमान. सूर उतरले नाहींत. आणि जें उतरलें तेंहि गळ्यांत आयतें आलें नाहीं. चिवचिवत, चुकत, त्या मापाला आपला गळा लावण्याचें काम पिल्लालाच करावें लागलें. गवयाच्या घरीं जन्मलेल्या मुलाच्या कानीं घराण्याची गायकी पडलेली असते, रियाज मात्र त्याचा त्यालाच करावा लागतो, तसेंच हें.

ज्यांचें ऐकूं येणें बंद झालें आहे त्यांच्या कानांत बसविण्याचें 'कॉक्लिअर इम्प्लांट' हें यंत्र आज सर्वांच्या परिचयाचें आहे. तें ध्वनि मेंदूच्या दाराशीं नेऊन पोंचवितें. त्या ध्वनीचे शब्द व्हावयास महिनोन्महिने शिकावें लागतें. जानेवारी २०२४ मध्यें न्यूरालिंक कंपनीनें माणसाच्या मेंदूंत प्रथम जें यंत्र बसविलें, त्याचें काम मेंदूंतील संदेश बाहेर आणून संगणकाच्या पडद्यावरील बाण हलविण्याचें. विद्या आंत घालण्याचें नव्हे. शिवाय दोन मेंदू सारखे नसतात, दोन देहहि नसतात. सहा फुटी माणसाचें पोहणें पांच फुटी माणसाच्या अंगांत बसविलें, तर पाण्यांत काय प्रसंग ओढवेल? पुढें कधींच कांहीं होणार नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. एखाद्या मापाची आठवण, शिकण्याचा थोडा वेग, हें उद्यां माणसालाहि देतां येईल. त्यानंतरचा रियाज चुकेल असें मानण्यास मात्र आजवरच्या प्रयोगांत आधार सांपडत नाहीं.

खजाना विहिरीपाशीं पोंचलों तेव्हां ऊन कललें होतें. मूर्तझा निजामशहाच्या कारकीर्दींत बीडचा जहागीरदार सलाबतखान यानें १५८२ च्या सुमारास ही बांधविली. बांधणारा राजा भास्कर होता असें सांगतात. दोन भुयारांनीं पाणी आंत येतें, तिसऱ्यानें शेतांकडे बाहेर जातें, आणि दुष्काळांतहि येथील पातळी हलत नाहीं अशी ख्याति आहे. मुलांनीं खोली विचारली, भुयारांची लांबी विचारली. आम्हीं त्यांना उलट विचारलें, कीं खोदणाऱ्यांना पाण्याचा माग कसा लागला असेल? भुयाराला उतार किती द्यावा हें त्यांनीं कशावरून ठरविलें असेल? उतार जास्त झाला तर पाणी तळ खात जातें, कमी झाला तर गाळ सांचतो. इराणांतील कनातींची आठवण करून देणारें हें काम. पुढें सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें खडकीस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, नहर खोदविली. बऱ्हाणपुरास १६१५ त खानखानानाच्या वेळीं भुयारी कुंड्या झाल्या. नकाशा व मोजमाप कागदावरून येऊं शकतात. जमिनीच्या पोटांतील ओल ओळखणारा हात कागदावरून येत नाहीं, तो माणसाबरोबर चालत येतो व दुसऱ्या माणसाच्या शेजारीं बसून तयार होतो. येवल्याला पैठणी आली तीहि पैठणचे विणकर आणून वसविले तेव्हां, असेंच सांगतात. आणि ती साखळी तुटली म्हणजे काय होतें तेंहि या कांठावर उभें राहिलें कीं दिसतें. विहीर आहे, पाणी आहे, मापें घेतां येतात. तो हात मात्र राहिलेला नाहीं.

आतां त्या मुलाचें काय? जैत्रपाळाची घाई आणि त्याची घाई एक नव्हे. राजाजवळ वेळ होता, तो त्याला द्यावयाचा नव्हता. या मुलाचा वेळ उसाच्या फडांनीं नेला. त्याला रिकिबीची कथा सांगून धीर धर म्हणणें हा अन्याय होईल. विद्या उतरविण्याचें यंत्र उद्यां निघालेंच, तर त्याच्या पहिल्या रांगेंत तोडणीच्या टोळींतील मुलें उभीं नसतील, हें सांगावयास ज्योतिषी नको. आईबाप कामावर गेल्यावर मुलाला गांवींच ठेवून त्याची शाळा चालू राहावी म्हणून सरकारनें हंगामी वसतिगृहांची योजना काढलेली आहे. जेथें तें वसतिगृह वेळेवर उघडतें व नीट चालतें, तेथें मुलाचे सहा महिने वांचतात. जेथें तसें होत नाहीं, तेथें तीं मुलें ट्रकमध्यें चढतात. मेंदूशास्त्राची वाट न पाहतां करण्याजोगें काम तें हें, आणि तें कोणत्याहि यंत्राहून स्वस्त आहे.

पालीची एक गोष्ट सांगावयाची राहिली. विहिरीकडे निघण्यापूर्वीं त्या मुलानें आम्हां सर्वांना चहासाठीं आपल्या घरीं नेलें. तोडणीच्या टोळींत नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नांवानें. घराच्या मागें खाण्यापुरता थोडा ऊस उभा होता. मुलाच्या आईनें आमच्या हातीं कोयता दिला. ऊस जमिनीलगत तोडावा, कारण बुडख्याकडे साखर अधिक असते व खोडवाहि चांगला फुटतो, एवढी माहिती आम्हांस होती. ती आम्हीं विद्यार्थ्यांना सांगितलीहि. मग घाव घातला. तो चार बोटें वर, तिरपा बसला, आणि ऊस फाटून लोंबत राहिला. बाईंनीं कांहीं न बोलतां कोयता घेतला, पाल्यांत हात घालून दुसरा ऊस कलता केला, आणि एकच आवाज झाला. कापलेलें खोड जमिनीशीं सपाट होतें.

"ताई, हें किती दिवसांत आलें?" आम्हीं विचारलें.

"काय की, सर," त्या म्हणाल्या, "ध्यानात नाही. लगीन झालं तवा येतच हुतं."

मुलानें तो ऊस सोलून त्याचीं कांडीं सर्वांना वांटलीं.